धूर कधी येतो, ते आधी बघा

वाचकांचं पत्र:

‘बाबांनी १९९६ साली मर्सिडीज ई२२० घेतली. आता ते गाडी चालवत नाहीत, म्हणून गाडी माझ्याकडे नाशिकला आहे. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत. सकाळी सुरू केली की मागून निळसर धूर येतो आणि मिनिटभरात जातो. गेल्या महिन्यात मुंबईला जाताना कसारा घाट उतरल्यावर मी ॲक्सिलरेटर दिला, तेव्हा मागच्या गाडीतून येणाऱ्या माझ्या यजमानांना धुराचा मोठा लोट दिसला. हजार-बाराशे किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतं. पार्किंगमध्ये फरशीवर डागही पडतात. आमचे गॅरेजवाले म्हणतात, सिग्नलला ऑइल प्रेशरचा काटा एकवर येतो म्हणजे इंजिन संपलं, हाफ इंजिन करावं लागेल. दुसऱ्या एकाने घट्ट ऑइल आणि वर एक औषधाची बाटली ओतायला सांगितली. दीर म्हणतात, भंगारात द्या. नोंदणीचं नूतनीकरणही याच वर्षी आहे. गाडी चालवणं धोक्याचं आहे का? आणि तिच्यावर खर्च करावा का?’
— नाशिकहून एक वाचक

ताई,

हाफ इंजिनला, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलण्याला, अजून होकार देऊ नका. पत्रात तुम्ही जे लिहिलंय त्यातली एकही गोष्ट पिस्टन-रिंगा गेल्याचा पुरावा नाही. बऱ्याचशा खुणा उलट दिशेला बोट दाखवतात.

आधी गाडीचं वय आणि तिचं चालणं शेजारी शेजारी ठेवून बघा. १९९६ ची गाडी आणि एक लाख ऐंशी हजार किलोमीटर. म्हणजे वर्षाला सरासरी सहा हजारांच्या आसपास. बाबांनी ती जपून वापरली आणि ती बरीच उभीही राहिली. लोखंड झिजतं ते किलोमीटरने, रबर मात्र वर्षांनी कडक होतं. गाडी उभी असली तरी होतं. टेल्कोबरोबरच्या (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत पिंपरीला १९९५ पासून जोडल्या गेलेल्या या ई२२० मध्ये २१९९ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, चेनवर चालणारं एम१११ इंजिन आहे. त्याचा ब्लॉक बिडाचा आहे. वेळेवर ऑइल बदललं असेल तर इतक्या किलोमीटरला तो ब्लॉक सहसा दगा देत नाही. त्याच इंजिनातली व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील), टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट, ब्रीदरचे पाइप मात्र कधी बदललेच नसतील, तर ती जवळपास तीस वर्षांची आहेत. त्यामुळे शंका आधी रबरावर घ्यायची आणि लोखंडावर शेवटी.

आता धुराकडे येऊ. निळा म्हणजे ऑइल जळतंय, इतकं सगळेच सांगतात. पण ऑइल कुठून येतंय हे रंग सांगत नाही, ते धुराची वेळ सांगते. तुम्ही दोन वेळा फार नेमक्या टिपल्या आहेत.

पहिली वेळ सकाळची. रात्रभर गाडी उभी राहिली की हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागात, साचलेलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्फोटांबरोबर ते जळतं आणि मिनिटभरात संपतं. रिंगा झिजल्या असत्या तर धूर असा लगेच थांबला नसता.

दुसरी वेळ कसाऱ्याची. घाट उतरताना तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटलेला असतो, थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो आणि इंजिन मात्र चाकांच्या जोरावर वेगाने फिरत असतं. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) जबर निर्वात तयार होतो. तो हेडवरचं ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, खाली खेचतो. मैलभर ते साचत राहतं आणि घाटाच्या पायथ्याशी तुम्ही ॲक्सिलरेटर दिला की एकदम जळून लोट उठतो. झिजलेल्या ऑइल रिंगांमुळेही उतारावर थोडं तेल वर चढू शकतं, हे खरं. पण मग चढावरही, इंजिनावर भार असताना, धूर सुटतच राहतो. म्हणून यजमानांना एवढंच विचारा: परतीच्या वाटेवर तोच घाट चढताना त्यांना मागून काही दिसलं का? दिसलं नसेल किंवा लक्षात नसेल, तर जवळच्या एखाद्या चढावर मुद्दाम बघायला सांगा. उतारानंतर धूर आणि चढावर स्वच्छ, असं असेल तर माझा कौल ठामपणे स्टेम सीलला आहे.

ऑइल प्रेशरच्या काट्याने तुम्हाला घाबरवलं गेलंय, त्याचं मला वाईट वाटतं. या गाडीचा काटा शून्य ते तीन बारचा आहे. इंजिन गरम असताना आयडलिंगला दाब ०.३ बारपर्यंत उतरला तरी चालतो, असं मर्सिडीजच्या मॅन्युअलातच आहे. अट एकच, ॲक्सिलरेटर देताच काटा लगेच वर गेला पाहिजे. तुमचा काटा सिग्नलला एकवर येतो आणि गाडी हलली की तीनला टेकत असेल, तर बेअरिंगं आणि ऑइल पंप ठीक आहेत. या काट्यावरून इंजिन उघडायला सांगणाऱ्याला मॅन्युअलाचं ते पान दाखवा.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि गॅरेजात हमखास गाळली जाणारी. जळणारं ऑइल आणि गळणारं ऑइल वेगळं करा. लिटरभर कमी होतं म्हणता, पण फरशीवर डागही आहेत. त्यातलं किती सायलेन्सरमधून जातंय आणि किती जमिनीवर, हे कळल्याशिवाय कुठलंच निदान खरं नाही. उभ्या गाडीखाली रात्री एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. डाग पुढच्या चाकांच्या रेषेत आहेत की गिअरबॉक्सच्या बाजूला, ते सकाळी पुठ्ठ्यावर दिसेल. पण गळणारं पुष्कळसं ऑइल गाडी धावताना उडतं किंवा गरम एग्झॉस्टवर पडून जळतं आणि फरशीपर्यंत येतच नाही. म्हणून इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्या, शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि मग टॉर्च लावून वरून खाली बघा.

ही धुलाई करताना एक काळजी घ्याच. नव्वदच्या दशकाच्या मधल्या काही वर्षांतल्या मर्सिडीज गाड्यांच्या इंजिनातल्या वायरिंग हार्नेसचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. तुमचं हार्नेस बदललेलं नसेल तर प्रेशरच्या पाण्याचा फवारा इंजिनवर अजिबात मारू देऊ नका. उघड्या तारा भिजल्या की गाडी मिसिंग करायला लागेल आणि त्याचंही खापर इंजिनावरच फुटेल. ब्रश, डिग्रीझर आणि फडकं, एवढ्यावर काम भागतं.

गळती कुठे शोधायची? सुरुवात टॅपेट कव्हरपासून. स्पार्क प्लग ज्या खड्ड्यांत बसतात त्यांत ऑइल साचलंय का बघा. साचलं असेल तर कव्हरचं गॅस्केट आणि प्लगभोवतीची सील गेली. मग टायमिंग चेनच्या कव्हरचा वरचा जोड. मग पुढच्या बाजूला कॅमशाफ्ट ॲडजस्टरचं चुंबक. त्याच्या प्लगमधून ऑइल झिरपत वायरमध्ये शिरतं, आणि ते तसंच चढत गेलं तर पुढे इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोहोचू शकतं. प्लग काढून बघायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर हेड गॅस्केटचा मागचा कोपरा. इथून किंवा टॅपेट कव्हरच्या मागून निघालेलं ऑइल ब्लॉकवरून खाली उतरतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, मजुरी लागते आणि गळती तशीच राहते. ऑइलचा माग नेहमी वरून खाली काढा.

आता ब्रीदर. इंजिनात रिंगांच्या कडेने थोडे वायू चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल साठणाऱ्या भागाकडे, सुटतातच. ते टॅपेट कव्हरवरच्या पाइपांतून परत इनटेकमध्ये ओढून जाळायचे, अशी सोय असते. हे पाइप आतून काजळीने तुंबले किंवा वाकून चपटे झाले की चेंबरमधला दाब वाढतो, आणि तो दाब सगळ्या सीलांतून, गॅस्केटांतून ऑइल बाहेर ढकलतो. पाइप बदलणं हे या सगळ्या कामांतलं सर्वांत स्वस्त काम आहे, म्हणून ते पहिलं करा. घरी बघता येईल असा एक प्रयोगही आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हलकेच धरा. पिशवी किंचित आत ओढली गेली किंवा जागीच थरथरली तर ठीक. फुगून वर उडायला लागली तर एक तर ब्रीदर तुंबलाय, नाही तर रिंगांकडून खरंच दाब सुटतोय. ब्रीदर साफ करून पुन्हा बघा. तेव्हाही उडाली, तर मी रिंगांचा विचार सुरू करेन.

डिपस्टिक नीट बघितली जाते का, हेही तपासा. सपाट जागा, गरम इंजिन, बंद करून पाच मिनिटं थांबणं, मग पट्टी पुसून पुन्हा घालणं. सर्व्हिसिंगनंतर वरच्या खुणेच्याही वर भरलेलं ऑइल मी फार वेळा पाहिलंय. जास्तीचं ऑइल क्रँकमध्ये घुसळून फेसाळतं आणि ब्रीदरवाटे इनटेकमध्ये जाऊन जळतं. एकदा वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढचे हजार किलोमीटर जे घालाल ते मापाने घाला आणि वहीत नोंदवा. गाडीचा खरा आकडा तेव्हा हाती येईल.

आता गॅरेजमधल्या दोन तपासण्या. दोन्ही करवून आकडे कागदावर घ्या, तोंडी सांगितलेलं धरू नका.

एक, स्पार्क प्लग. चारही काढून वर्तमानपत्रावर एक ते चार अशा क्रमाने मांडायला सांगा आणि फोटो काढा. एकच प्लग काळा, ओला, तेलकट असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. चारही सारखेच किंचित तेलकट असतील तर सगळी सील एकदम म्हातारी झालीत.

दोन, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंप आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली. यातली एकही अट सुटली तरी आकडे खोटे येतात. थंड इंजिनावर आणि बंद थ्रॉटलवर काढलेल्या आकड्यांनी पुष्कळ चांगली इंजिनं उघडली गेली आहेत. प्रत्येक सिलिंडरचा आकडा दहा बारच्या, म्हणजे साधारण १४५ पीएसआयच्या वर असेल आणि चौघांत दीड बारपेक्षा जास्त फरक नसेल, तर रिंगांना हात लावायचं कारण सहसा उरत नाही. एखादा सिलिंडर कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा उडी मारून वाढला तर रिंगा, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हल्ली फोनला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडता येतो. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यातल्या होनिंगच्या (घासून गुळगुळीत करण्याच्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील, तर बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला, निघालेल्या माणसाला त्या स्क्रीनवर दाखवा.

पांढऱ्या धुराबद्दल थोडंच, कारण तुम्ही तो लिहिलेला नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी सायलेन्सरमधून वाफ येईल, पाणीही टपकेल, त्यात काही नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंटची घटती पातळी, असं एकत्र दिसलं तरच गाडी थांबवा. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय जमली म्हणून लगेच घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालली तर दमटपणानेही ती जमते.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ते शोधायला गाडीतले जुने पीयूसीचे कागद बाहेर काढा. त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, पण निदानाला ते फार कामाचे असतात. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर मोजतच नाहीत, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. तुमच्या गाडीच्या काळासाठी मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम अशी आहे. वर्षागणिक हायड्रोकार्बन वाढत गेलं पण कार्बन मोनॉक्साइड तेवढंच राहिलं, तर ऑइल जळतंय किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करतोय. कार्बन मोनॉक्साइडही चढलं असेल तर टेम्परेचर सेन्सर, लॅम्डा सेन्सर किंवा गळका इंजेक्टर बघायला हवा. आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगं जातात.

बाटली ओतायचा सल्ला मात्र पूर्ण सोडून द्या. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांतली तेलाची छिद्रं बारीक असतात. सीलांना फुगवणारी आणि ऑइलला चिकट करणारी औषधं महिनाभर धूर लपवतात, सील काही दुरुस्त करत नाहीत. नूतनीकरणाआधी गाडी विकायला काढणारे ती ओततात, त्यांचा हेतू वेगळा असतो. इंजिन फ्लशही नको. तीस वर्षांचा गाळ एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीवर बसला, तर आज निरोगी असलेला काटा खरोखरच खाली येईल. एमबी २२९.१ किंवा २२९.३ अशी मान्यता डब्यावर छापलेलं १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० ऑइल घाला, आणि पुढची दोन वेळा ते नेहमीपेक्षा लवकर, पाच हजार किलोमीटरला, फिल्टरसकट बदला. गाळ काढायचाच असेल तर असा हळूहळू निघू द्या.

समजा, आकडे चांगले आले आणि दोष स्टेम सीलवरच ठरला. मग दोन वाटा आहेत.

हेड गॅस्केट कोरडं असेल तर हेड न उतरवता सील बदलता येतात. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वरच धरून ठेवतात. कॅमशाफ्ट काढताना चेन स्प्रॉकेटला बांधून ठेवावी लागते, आणि काढलेला प्रत्येक टॅपेट त्याच्याच जागी परत गेला पाहिजे. मेकॅनिकला या दोन गोष्टी आधी विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर काम दुसऱ्याकडे द्या. सील व्हायटॉनची घ्या. एल्रिंग किंवा व्हिक्टर राइन्झचा गॅस्केट संच मिळाला तर उत्तम.

हेड गॅस्केटही गळत असेल तर मात्र मजुरी दोनदा देऊ नका. हेड उतरवा, त्याचं फेसिंग (तळाचा सपाटपणा) तपासा, व्हॉल्व्ह हाताने हलवून गाइडमध्ये किती खेळ आहे ते बघा आणि सील, गाइड, गॅस्केट एकाच वेळी उरका. गाइड सैल असताना नुसती नवी सील बसवली तर धूर पुन्हा येईल, हे मेकॅनिकने तुम्हाला आधीच सांगायला हवं. चेन किती ताणलीय तेही त्याच वेळी बघून घ्या. दोन्ही वाटांत पिस्टन जागेवरच राहतात, आणि हाफ इंजिनच्या तुलनेत खर्च बराच कमी येतो.

कोणी जुनं इंजिन आणून बसवायला सुचवलं तर नको म्हणा. त्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओची परवानगी काढून आरसीत नोंद करावी लागते. नूतनीकरणाच्या वर्षी ही कटकट अंगावर घेऊ नका.

दिरांचं म्हणणं मी समजू शकतो. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जी बंधनं आली त्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. महाराष्ट्रात तसं नाही. इथे खासगी गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. गाडीचा पत्रा, चॅसिस आणि सस्पेन्शन सडलेलं असतं तर मीही विका म्हटलं असतं. गंजलेली गाडी वाचवणं फार महाग पडतं. फक्त स्टेम सीलसाठी इतकी चांगली गाडी भंगारात घालणं मला पटत नाही.

चालवण्याबद्दल विचारलंत. रोजच्या वापराला हरकत नाही, पण दर रविवारी डिपस्टिक बघा आणि डिकीत त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा ठेवा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. इंजिन धुराने मरत नाही, कोरडं पडल्याने मरतं. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर काम सहा महिन्यांपलीकडे ढकलू नका. जळलेल्या ऑइलमधलं फॉस्फरस त्याला निकामी करतं आणि तो भाग महाग आहे. मुंबईची पुढची खेप काम झाल्यावरच करा, कारण गळतं ऑइल गरम एग्झॉस्टवर पडत असेल तर घाटात आगीचाही धोका असतो. ती एक शक्यता मोकळी होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा.

ब्रीदरचे पाइप बदलून झाले की चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, प्लगचा फोटो आणि हजार किलोमीटरची ऑइलची नोंद मला पाठवा. चढावर धूर होता की नव्हता, तेही लिहा. हेड उतरवायचं की नाही, ते त्यावरून ठरवू.